पी. एल. ४८० ची पुस्तके

आपल्या ग्रंथालयात नसलेला ग्रंथ दुसऱ्या ग्रंथालयाकडून ठरावीक मुदतीसाठी मागवून वाचकाला उपलब्ध करून देणे, या व्यवहाराला ग्रंथालयशास्त्रात आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. अमेरिकेतील विद्यापीठांत हा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, विसाव्या शतकाच्या मध्यास त्याला सहकारी ग्रंथखरेदीची जोड मिळाली, आणि १९६२ पासून त्या खरेदीची एक शाखा भारतात येऊन मराठीसह बहुतेक सर्व प्रमुख भारतीय भाषांतील पुस्तके नियमितपणे समुद्रापार पाठवू लागली. ही हकीकत ग्रंथपालांच्या परस्परांविषयीच्या औदार्याची म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु पुस्तक देण्याची तयारी हा या व्यवहारातील सर्वांत सोपा भाग होता. ते पुस्तक कोणीतरी वेळेवर विकत घेऊन ठेवलेले असणे आणि ते कोणाकडे आहे हे इतरांना कळणे या दोन गोष्टी अवघड होत्या, आणि पाऊणशे वर्षांचा बहुतेक खटाटोप त्या दोन गोष्टींसाठीच झाला.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ साली, नुकत्याच निघालेल्या ‘लायब्ररी जर्नल’ या नियतकालिकाला पत्र लिहून, ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके उसनी द्यावीत असे सुचविले आणि युरोपातील काही ग्रंथालये असे करीत असल्याचा दाखला दिला. विद्यापीठांच्या पातळीवर या सूचनेला पद्धतशीर रूप देण्याचा पहिला मान बहुधा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रंथालयाकडे जातो. तेथील ग्रंथपाल जोसेफ रॉवेल यांनी १८९४ साली इतर ग्रंथालयांना पुस्तके देण्याची परवानगी मागितली आणि १८९८ मध्ये परस्पर देवघेवीची तयारी असल्याचे छापील पत्रक काढले. बर्कलीने पुढाकार घ्यावा हे स्वाभाविक होते, कारण अमेरिकेतील जुने आणि समृद्ध संग्रह पूर्व किनाऱ्यावर होते आणि पश्चिमेकडील प्राध्यापकाला एखादा संदर्भ पाहण्यासाठी चारपाच दिवसांचा आगगाडीचा प्रवास करावा लागे. याच दशकात प्रशियाच्या शिक्षणखात्यातील अधिकारी फ्रीडरिख आल्टहोफ यांच्या प्रेरणेने बर्लिनचे राजग्रंथालय आणि ग्योटिंगेन विद्यापीठ यांच्यात अशीच देवघेव सुरू झाली होती. जर्मनीत हे काम सरकारी हुकुमाने झाले आणि अमेरिकेत पत्रव्यवहाराने, हा फरक पुढेही टिकला.

पत्रव्यवहाराने चालणाऱ्या कामाला लवकरच नियमांची गरज भासते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९१७ साली देवघेवीची पहिली संहिता तयार केली आणि १९४० व १९५२ साली तिच्यात सुधारणा केल्या. या संहितांमधून देणाऱ्या ग्रंथालयाच्या मनातील धास्ती स्पष्टपणे वाचता येते: दोन्ही बाजूंचा टपालखर्च मागणाऱ्याने सोसावा, पुस्तक हरवले किंवा फाटले तर भरपाई त्यानेच करावी, बाजारात सहज मिळणारी पुस्तके मागू नयेत, आणि दुर्मीळ ग्रंथ मागणाऱ्या वाचकाने तो आपल्या ग्रंथालयाच्या इमारतीतच बसून वाचावा. पुढे मागणीचा एक प्रमाणित छापील अर्जही रूढ झाला. कार्बन घालून टंकलिखित करावयाचा तो चार पानी संच असे, आणि मूळ मागणी, तिचे उत्तर, मधल्या काळातील चौकशी आणि पुस्तक परत आल्याची नोंद अशा टप्प्यांसाठी त्याच्या वेगवेगळ्या प्रती वापरल्या जात. लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष यांबरोबरच ही माहिती कोणत्या सूचीत पडताळून पाहिली हेही त्यात लिहावे लागे, कारण ऐकीव माहितीवर पाठवलेल्या मागणीसाठी दुसऱ्या ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याने आपला अर्धा दिवस घालवावा ही अपेक्षा गैर मानली जात होती. नियमांतील ही कलमे आज कोरडी वाटतात, पण ज्या व्यवहारात दोन्ही पक्ष एकमेकांना कधी पाहत नाहीत तो अशाच कलमांवर चालतो.

पडताळणीचा आधार म्हणजे संघतालिका. अनेक ग्रंथालयांतील ग्रंथांची एकत्र नोंद ठेवून प्रत्येक ग्रंथापुढे तो कोणकोणत्या ग्रंथालयांत आहे हे दाखविणाऱ्या सूचीला हे नाव आहे. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख हर्बर्ट पटनम यांनी १९०१ मध्ये आपल्या ग्रंथालयाची तालिकापत्रे, म्हणजे प्रत्येक ग्रंथाच्या वर्णनाची छोटी छापील कार्डे, इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली आणि त्याच सुमारास मोठ्या ग्रंथालयांशी कार्डांची अदलाबदल करून राष्ट्रीय संघतालिकेचा पाया घातला. पुढे जॉन रॉकफेलर यांचे चिरंजीव, धाकटे रॉकफेलर, यांनी अडीच लाख डॉलरची देणगी दिल्यावर या कामाला वेग आला. कोणते पुस्तक कोठे आहे हे विचारण्यासाठी ग्रंथपाल वॉशिंग्टनला पत्र लिहीत आणि तेथील कर्मचारी खणांतील कार्डे चाळून उत्तर देत. या खणांतील १९५६ पूर्वीच्या ग्रंथांच्या नोंदी अखेर १९६८ ते १९८१ या काळात लंडनच्या मॅन्सेल प्रकाशनाने छापल्या, तेव्हा त्यांचे ७५४ जाडजूड खंड झाले. संगणकाचे युग उंबरठ्यावर आले असताना छापलेली ही सूची आता कोणी फारशी उघडत नाही, पण कागदावर सिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या सूचींमध्ये तिची गणना होते.

संघतालिकेने आहे त्याचा पत्ता लागला. जे कोणाकडेच नव्हते त्याचे काय, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने पुढे आणला. युरोपातून येणारी पुस्तके थांबली, आणि ज्या प्रदेशांत लढावयाचे त्यांविषयीचे नकाशे, वृत्तपत्रे आणि सरकारी अहवाल देशातील एकाही ग्रंथालयात नाहीत असे वारंवार आढळू लागले. ऑक्टोबर १९४२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील फार्मिंग्टन या गावी काही ग्रंथपाल व विद्वान यांची बैठक झाली. तिच्यातील चर्चेला योजनेचे रूप देण्याचे काम हार्वर्डचे कीज मेटकाफ, प्रिन्स्टनचे ज्युलियन बॉइड आणि त्या वेळी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख असलेले कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांनी केले. संशोधनाच्या दृष्टीने उपयुक्त अशा प्रत्येक नव्या परदेशी पुस्तकाची किमान एक प्रत अमेरिकेतील कोणत्या ना कोणत्या ग्रंथालयाने घ्यावी, तिची नोंद संघतालिकेत ताबडतोब व्हावी आणि ती प्रत देवघेवीने किंवा छायाचित्रित स्वरूपात सर्वांना मिळावी, असे या फार्मिंग्टन योजनेचे सूत्र होते. युद्ध संपल्यावर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पथकाने युरोपात युद्धकाळातील प्रकाशने गोळा करून ती ११३ ग्रंथालयांत वाटली आणि सहकारी खरेदी व्यवहार्य आहे हे दाखवून दिले. त्यानंतर १९४८ साली फ्रान्स, स्वीडन आणि स्वित्झर्लंड या तीन देशांपासून फार्मिंग्टन योजना प्रत्यक्षात सुरू झाली.

योजनेची रचना विषयवार वाटणीची होती. प्रत्येक देशातील नेमलेला विक्रेता नव्या पुस्तकांची एकेक प्रत निवडून ज्या विद्यापीठाने तो विषय पत्करला असेल त्याच्याकडे परस्पर पाठवीत असे. त्यामुळे कायद्याचे पुस्तक एका गावी, शेतीचे दुसऱ्या आणि धर्मशास्त्राचे तिसऱ्या गावी जाई. कागदावर हे निर्दोष दिसते. प्रत्यक्षात आपल्या प्राध्यापकांना नको असलेली पुस्तके केवळ राष्ट्रीय कर्तव्य म्हणून विकत घेऊन, त्यांच्यासाठी फडताळे मोकळी करणे ग्रंथपालांना जड जाऊ लागले, आणि देवघेव कितीही सुरळीत असली तरी हाताशी असलेले पुस्तक आणि हजार मैलांवरून मागवायचे पुस्तक यांत प्राध्यापक भेद करतातच, हेही दिसून आले. १९७२ साली ही योजना गुंडाळण्यात आली.

मध्यपश्चिमेतील दहा विद्यापीठांनी याच काळात वेगळा मार्ग धरला. १९४९ साली त्यांनी शिकागो येथे मिडवेस्ट इंटर-लायब्ररी सेंटर ही संस्था काढली आणि क्वचितच मागितले जाणारे, पण टाकूनही देता न येणारे साहित्य, उदाहरणार्थ परदेशी विद्यापीठांचे प्रबंध, जुनी वृत्तपत्रे, महाविद्यालयांची माहितीपत्रके, सर्वांच्या वतीने एकाच ठिकाणी ठेवण्यास सुरुवात केली. सभासद ग्रंथालयाने मागितले की ते पाठवायचे, असा साधा रिवाज होता. येथे देवघेव हाच ग्रंथालयाच्या अस्तित्वाचा हेतू होता, त्यामुळे ‘आमच्या वाचकाला लागेल’ या सबबीवर नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. १९६५ मध्ये संस्थेने सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज हे नाव घेतले आणि तिचे सभासदत्व देशभर पसरले. भारतीय साहित्याच्या पुढील हकीकतीत या संस्थेचा पुन्हा संबंध येतो.

तोवर अमेरिकेतील भारतविद्येचा अर्थ प्रायः संस्कृत असा होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संस्कृतचे प्राध्यापक नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ च्या सुमारास आधुनिक भारताच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग उभा केला. शिकागो, बर्कली, विस्कॉन्सिन आदी विद्यापीठे त्या वाटेने गेली. स्पुटनिकच्या उड्डाणाने हादरलेल्या अमेरिकी काँग्रेसने १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून परदेशी भाषांच्या अध्यापनासाठी पैसा मोकळा केला, तेव्हा त्यात हिंदी, तमिळ, बंगालीबरोबर मराठीलाही जागा मिळाली. ब्राउन यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या विद्यापीठांच्या सहकारी संस्थेचे भारतातील पहिले कार्यालय पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. विद्यार्थी तयार होऊ लागले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पण वाचायला पुस्तके नव्हती, आणि ती विकत घेण्यास डॉलर खर्च करण्याची कोणत्याही विद्यापीठाची तयारी नव्हती.

पुस्तकांसाठी पैसा अनपेक्षित दिशेने आला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी स्वाक्षरी केलेल्या सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० अन्वये, म्हणजे ज्याला भारतात सरसकट ‘पी. एल. ४८०’ म्हटले गेले त्या कायद्यान्वये, अमेरिकेचे अतिरिक्त धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकत घेता येत होते. भारताने १९५६ साली असा पहिला करार केला. महाराष्ट्रात रेशनच्या दुकानांतला तांबडा गहू आणि ‘मिलो’ या नावाने ओळखली जाणारी लाल ज्वारी यांनी साठ-सत्तरच्या दशकांची एक पिढी वाढली. त्या भाकरीची चव ज्यांना आठवते त्यांना कायद्याचा क्रमांकही आठवतो. धान्याच्या मोबदल्यातील रुपये अमेरिकेच्या खाती भारतातच साठत गेले. ते डॉलरमध्ये बदलून नेता येत नव्हते, आणि वकिलातीचा खर्च किंवा भारत सरकारला परत दिलेली कर्जे यांत ते संपत नव्हते. या पडून राहिलेल्या रुपयांतून अमेरिकी ग्रंथालयांसाठी पुस्तके घ्यावीत, या कल्पनेचा पाठपुरावा अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज या विद्वत्संस्थांच्या परिषदेतील मॉर्टिमर ग्रेव्हज यांनी केला, आणि मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी १९५८ मध्ये मूळ कायद्याला तशी दुरुस्ती सुचवून ती मंजूर करून घेतली. कायद्यात तरतूद झाली तरी प्रत्यक्ष रक्कम मंजूर करण्यास काँग्रेसने आणखी तीन वर्षे घेतली. १९६२ च्या आरंभी नवी दिल्ली, कराची आणि कैरो येथे लायब्ररी ऑफ काँग्रेसची कार्यालये उघडली.

दिल्लीच्या कार्यालयाचे काम पाहिले म्हणजे या योजनेचा आवाका ध्यानात येतो. सुमारे दीड डझन विद्यापीठ व संशोधन ग्रंथालये भारतीय भाषांच्या कार्यक्रमात सामील झाली; त्यांना वर्षाकाठी भरावी लागणारी वर्गणी नाममात्र होती. प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांतून निवड दिल्लीतील भाषातज्ज्ञ भारतीय कर्मचारी करीत, आणि एकदा पुस्तक संशोधनयोग्य ठरले की सहभागी ग्रंथालयांना पुरतील इतक्या प्रती एकदम घेतल्या जात. मराठीच्या बाबतीत अडचण पुस्तके मिळविण्याची होती. मुंबई-पुण्यातील मोजके प्रकाशक सोडले तर बरीच पुस्तके लेखक स्वतः छापत, जिल्ह्याच्या गावच्या छापखान्यात पाचशे प्रती निघत आणि त्यांची जाहिरात कोठे होत नसे. संपूर्ण प्रकाशनव्यवहाराची अद्ययावत यादी अशी काही नव्हती. १९५७ च्या अखेरीपासूनच्या पुस्तकांची नोंद घेणारी ‘इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी’ ही सरकारी सूची कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बी. एस. केशवन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली होती, पण तिचा आधार कायद्याने जमा होणाऱ्या प्रती हा होता आणि प्रकाशक त्या कायद्याचे पालन करीतच असे म्हणणे धाडसाचे ठरेल. म्हणून दिल्लीच्या कार्यालयाने भाषावार विक्रेते नेमून, नवे जे निघेल ते पाहण्यासाठी पाठवावे, अशी व्यवस्था केली. तरीही जे साहित्य विक्रेत्याच्या दुकानात येतच नव्हते, उदाहरणार्थ साठच्या दशकातील सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिके, ते हाती लागणे या रचनेत कठीण होते.

निवडलेल्या पुस्तकांची यादी ‘ॲक्सेशन्स लिस्ट: इंडिया’ या नावाने जुलै १९६२ पासून दर महिन्याला निघू लागली. तिच्यात भाषावार विभाग करून प्रत्येक पुस्तकाचे नाव रोमन लिपीत, मात्रा-बिंदूंसह, दिलेले असे आणि त्याला देश, भाषा व अनुक्रम दाखविणारा एक क्रमांक मिळे. अमेरिकी ग्रंथालयांच्या जुन्या नोंदींत ‘पी. एल. ४८०’ या अक्षरांनी सुरू होणारा तो क्रमांक अद्याप दिसतो. अमुक महिन्यात मराठीत काय छापले गेले हे सांगणारी नियमित मासिक यादी पुण्या-मुंबईत निघत नव्हती आणि ती अमेरिकी सरकारच्या कचेरीतून निघत होती, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. मागील काळासाठी मात्र मराठीजवळ असे काही होते जे इतर अनेक भाषांजवळ नव्हते. शंकर गणेश दाते यांनी गावोगावची ग्रंथालये पालथी घालून १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली होती. एकट्या माणसाने, संस्थात्मक पाठबळ जेमतेम असताना केलेले ते काम आणि शंभर कर्मचाऱ्यांच्या कचेरीचे काम यांची तुलना कोणी करू नये. तरी १९५० ते १९६२ ही बारा वर्षे या दोन्हींच्या मध्ये पोरकी राहिली हे खरे.

पुस्तके बोटीने पोचत, तालिकापत्रे मात्र मागे राहत. मराठी पुस्तकाचे कार्ड करणाऱ्याला लिपी येऊन भागत नसे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर ही प्रत्येकी एकच व्यक्ती आहे हे ठाऊक असावे लागे. आडनावाखाली नोंद करायची की टोपणनावाखाली, हे ठरवून दुसरीकडे निर्देश द्यावा लागे. शीर्षकपृष्ठावर शकसंवत्सर असेल तर ते इसवी सनात बदलावे लागे. कार्ड नसलेले पुस्तक फडताळात असले तरी ते देवघेवीच्या दृष्टीने नसल्यासारखेच, आणि साठच्या दशकात अनेक विद्यापीठांच्या तळघरांत भारतीय भाषांतील पुस्तकांचे गठ्ठे नोंदीची वाट पाहत पडून राहिले. हळूहळू तालिकीकरणाचा मोठा भाग दिल्लीच्या कार्यालयाकडेच सोपविला गेला, कारण ते ज्ञान तेथे होते.

या योजनेने फार्मिंग्टनचे तर्कशास्त्र उलटे केले. तेथे देशात एकच प्रत आणि सर्वांनी ती मागून घ्यायची, असे होते. येथे एकाच पुस्तकाच्या पंधरावीस प्रती देशभर वाटल्या गेल्या. रुपये फुकट मिळाल्यासारखे असल्याने कोणी कोणती भाषा घ्यावी याची वाटणी करण्याची गरज भासली नाही, आणि ज्या विद्यापीठात मराठी शिकणारा एकही विद्यार्थी नव्हता तेथेही मराठी कादंबऱ्यांच्या रांगा लागल्या. सहकारी खरेदीच्या शुद्ध हिशेबाने ही उधळपट्टी होती. परंतु त्या उधळपट्टीमुळेच एखाद्या प्रतीची मागणी एका ग्रंथालयाने नाकारली तरी दुसरे देऊ शके. आंबेडकर आणि महार चळवळ यांच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट मिनेसोटातील कार्लटन या लहान महाविद्यालयात शिकवीत. अशा महाविद्यालयांना मराठी संग्रह स्वतः उभा करणे शक्य नसते आणि देवघेवीची खरी गरज त्यांनाच असते. शिकागो विद्यापीठात दक्षिण आशियाई संग्रहाची जबाबदारी मॉरीन पॅटरसन यांच्याकडे होती. त्यांचे स्वतःचे संशोधन चित्पावन घराण्यांवर होते, आणि १९८१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या दक्षिण आशियाविषयक सूचीत सुमारे २८ हजार नोंदी आहेत. एवढी सूची एका ठिकाणी बसून करता आली, यावरून या वीस वर्षांत काय साठले होते याची कल्पना येते.

वृत्तपत्रे आणि जुनी नियतकालिके यांचा प्रश्न या खरेदीने सुटत नव्हता, कारण ती विकत मिळत नव्हती आणि मिळाली तरी त्यांचा कागद तुकडे पडण्याच्या अवस्थेत असे. त्यासाठी १९६७ मध्ये शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज येथे साउथ एशिया मायक्रोफॉर्म प्रोजेक्ट ही उपसंस्था सुरू झाली. सभासद ग्रंथालये दरवर्षी ठरावीक वर्गणी देत, जमलेल्या पैशातून कोणत्या नियतकालिकाचे सूक्ष्मपट, म्हणजे छोट्या फितीवर घेतलेली पानांची छायाचित्रे, करायचे हे मिळून ठरवीत, आणि तयार झालेली फीत केंद्रात ठेवून सभासदांना टपालाने वाचायला पाठविली जाई. देवघेवीच्या साऱ्या इतिहासात इतका स्वच्छ हिशेब क्वचितच आढळतो: येथे दाता आणि याचक असे दोन पक्ष उरले नाहीत, कारण पाठविली जाणारी वस्तू सर्वांच्या पैशाने सर्वांसाठीच निर्माण झाली होती.

रुपयांचा साठा मात्र कायमचा नव्हता. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन त्या साठ्याचा मोठा भाग माफ केला. आपल्या कामांसाठी राखून ठेवलेला उरलेला भाग आणखी काही वर्षे पुरला. ऐंशीच्या दशकात तो संपल्यावर कार्यक्रम बंद न पडता त्याचे रूप बदलले: पुस्तकाची किंमत, टपाल आणि दिल्लीच्या कार्यालयाचा खर्च सहभागी ग्रंथालयांनी डॉलरमध्ये सोसायचा, असे ठरले. फुकट मिळणारी भाषा आणि विकत घ्यावी लागणारी भाषा यांतील अंतर तेव्हा उघड झाले. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या अध्यापनक्रमाकडे पाहून भाषा निवडल्या, बाकीच्या सोडल्या, आणि पंचवीस वर्षांपूर्वी टाळता आलेली वाटणीची चर्चा आता टाळता येईना. सुदैवाने तोवर नोंदींचे साधन बदलले होते. ओहायोतील महाविद्यालयांसाठी १९६७ मध्ये फ्रेडरिक किल्गोर यांनी उभारलेल्या संगणकीय केंद्रावर, पुढे जे ओ. सी. एल. सी. या नावाने जगभर गेले त्यावर, २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पहिली नोंद केली आणि १९७९ पासून त्याच जाळ्यावरून देवघेवीची मागणीही पाठविता येऊ लागली. चार पानी अर्ज, वॉशिंग्टनला पत्र आणि उत्तराची वाट यांत जाणारे आठवडे संपले. खरेदी आक्रसत असतानाच उसनवारी सोपी झाली. तसे झाले नसते तर लहान भाषांचे संग्रह याहून कितीतरी अधिक विस्कळीत झाले असते.

भारतात या योजनेविषयी नाराजी होती आणि ती अकारण नव्हती. आपल्याच भाषेतील मासिकाचे अंक पाहण्यासाठी संशोधकाने शिकागोला जावे, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही. तथापि पुस्तके अमेरिकेत गेल्यामुळे ती येथून नाहीशी झाली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्या प्रती विकत घेतल्या गेल्या, प्रकाशकांना त्यांचे पैसे मिळाले, आणि शे-दोनशे प्रतींवर अडून राहणाऱ्या गंभीर मराठी पुस्तकाला ते वीस ग्राहक उपरे नव्हते. येथील विद्यापीठांना सहकार करण्यापासून कोणी अडविलेले नव्हते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्येच ग्रंथालय समिती नेमली होती. प्रत्यक्षात दिल्लीतील ग्रंथालयांचे ‘डेलनेट’ १९८८ मध्ये आणि विद्यापीठांना जोडणारे ‘इन्फ्लिबनेट’ १९९१ मध्ये सुरू झाले. मधली तीस वर्षे गेली ती पैशाअभावी गेली, हे अर्धेच कारण आहे. संघतालिकेसारखे कष्टाचे आणि नाव न मिळणारे काम कोणी करायचे, याचे उत्तर कोणत्याच विद्यापीठाने दिले नाही.

दिल्लीतील कार्यालय आजही चालू आहे आणि सहभागी ग्रंथालयांसाठी मराठी पुस्तके घेते. शिकागो विद्यापीठ आणि सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज यांनी एकत्र येऊन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डिजिटल साउथ एशिया लायब्ररी सुरू केली, तिच्या कोशविभागात मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (हे दाते ग्रंथसूचीकारांहून वेगळे, यशवंत रामकृष्ण), वझे यांचा शालेय कोश, आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे मराठीचे महत्त्वाचे कोश आहेत, आणि ते पाहण्यासाठी सभासदत्व, शुल्क किंवा परवानगी यांपैकी काहीही लागत नाही.